समोर बसून काढलेलं चित्र

चित्रकलेच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘खोडरबर’ म्हणायची, कारण ‘खोड आणि पुन्हा काढ’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इतकी वर्षं शिकवल्यावर मुलांच्या चित्रातलं काही आपल्याला चकवेल, असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

स्त्री-पुरुष समतेच्या प्रदर्शनासाठी त्या आणि विज्ञानाचे सर चित्रं निवडत होते. तुटलेल्या बेड्या, पिंजऱ्यातून उडालेले पक्षी, तराजूत बसलेले नवरा-बायको. सरांना जांभया आवरेनात.

“अजून एक पक्षी उडाला, तर मीपण उडतो,” ते म्हणाले.

पुढचं चित्र उचललं आणि बाईंचा हात तिथंच थांबला. खुर्चीत एक बाई, अंगावर बसचालकाचा गणवेश, पाय गरम पाण्याच्या टबात, डोळे मिटलेले. शेजारी एक पुरुष तिच्या दुसऱ्या शर्टाचं बटण लावून दोरा दातांनी तोडत होता. त्या बाईच्या चेहऱ्यावर ना उपकाराचं ओझं, ना संकोच. नुसती दमलेली होती ती.

“पोरीची कल्पनाशक्ती बघा!” सर खाडकन जागे झाले. “स्वप्न बघावं तर असं!”

पहिला नंबर ठरला. चित्र काढणाऱ्या मुलीला बोलावलं.

“हे सुचलं कसं तुला?” बाईंनी विचारलं.

“सुचलं नाही बाई. समोर बसून काढलं. आई आणि पप्पा आहेत.”

सर हसले. “पप्पांना नोकरी नाही वाटतं?”

“आहे की. सकाळची पाळी असते.” मुलगी गोंधळली. “का?”

त्या ‘का’वर सर उगाच बाकीची चित्रं सारखी करू लागले. मुलीची नजर मग चित्रांच्या ढिगाऱ्यावरच्या ‘समता’ या चिठ्ठीवर गेली आणि तिचा चेहरा उतरला. “हे समतेत कसं आलं? मी ‘माझं घर’ या विषयात दिलं होतं. लोक पप्पांना हसतील. मला परत द्या.”

बाईंनी चित्र पुन्हा हातात घेतलं. आपणही त्याला स्वप्नच समजलो होतो. असं घर चार गल्ल्यांवर असेल, हे क्षणभरही मनात आलं नव्हतं.

त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. ते पाळी संपवून आले, हेल्मेट काखेत धरून चित्रापुढे उभे राहिले.

“लावा की,” ते म्हणाले. “फक्त माझं नाक जरा मोठं झालंय.”

“खोडू नकोस,” बाई मुलीला म्हणाल्या. शाळेत हे त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील.

प्रदर्शनात पुरुष त्या चित्रापुढून हसत पुढे जात होते, बायका मात्र रेंगाळत होत्या. बाईंचा नवराही आला होता. स्वभावानं चांगला माणूस, पण पाण्याचा पेलाही हातात मिळाल्याशिवाय न पिणारा. चित्र बघून तो मोठ्यानं म्हणाला, “या माणसाला दुसरं काही काम नाही का?”

“हेच काम आहे!” बाई ओरडल्या. सगळे मान वळवून बघू लागले. “तुम्ही कधी केलंय?”

नवऱ्यानं आ वासला. त्याला गंमत वाटली असावी, तो हसायला गेला, पण बायकोचा चेहरा बघून थांबला. मग हळूच पुढच्या चित्राकडे सरकला.

बाई तिथंच उभ्या होत्या. तो आवाज आपला होता, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.