उदयसिंहानं डबी सोडली

उदयसिंह हळू बोलला, तरी पलीकडच्या वर्गातली पोरं माना वळवायची. एरवी आवाज पार रस्त्यापर्यंत. त्यात त्याचा दोष नव्हता. इस्लामपूरजवळच्या त्याच्या गावात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागं घ्यायचा, तर मागं उभ्या माणसाला इंजिनाच्या वर ओरडावंच लागतं. "येऊ द्या, येऊ द्या! आवं, डावीकडं मारा! बास!" हे काम पोरवयापासून त्याच्याकडं. पुढं स्टिअरिंगही हातात आलं, पण ओरडणं काही सुटलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली सांगलीच्या एका कॉलेजात रोबोंची स्पर्धा ठरली. इस्लामपूरच्या डिप्लोमाच्या पोरांनी भंगारातल्या गाड्यांच्या पंख्याच्या मोटारी आणि सायकलची चेन जोडून यंत्र उभं केलं. यंत्राला लांब वायर, वायरीच्या टोकाला बटणांची डबी. डबी हातात असेल तो ड्रायव्हर. टीमचा म्होरक्या उदयसिंह, मोटारी आणल्या त्यानंच, तेव्हा ड्रायव्हर कोण हे विचारायचं कारणच नव्हतं. त्यानं घरी सांगूनही टाकलं होतं, "आये, बगायला ये. हजार मानसांपुढं मशीन चालवनार हाय मी." आईनं, हरणाबाईनं, ते दुपारपर्यंत अख्ख्या आळीला सांगितलं.

आडवा आला टीममधलाच सौमित्र. सांगलीच्या वकिलाचा मुलगा. वाक्य संपल्याशिवाय श्वास घेत नसे. "अरे, निवड म्हटली की ती रीतसरच झाली पाहिजे, नाहीतर ती निवड कसली?"

"घे गड्या, परीक्षा घे," उदयसिंह हसला. "न्हाईतरी मीच येनार."

परीक्षा स्पर्धेतल्यासारखीच: यंत्राच्या पाठीवर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास. फळीच्या उतारावरून यंत्र खाली आणायचं आणि खडूच्या गोलात थांबवायचं. सौमित्रनं इतकं जपून बटण दाबलं, की यंत्र वरच बसून राहिलं. टीममधल्याच सिद्धूनं ते थेट भिंतीवर घातलं. मग उदयसिंह. बोटानं बटण दाबत होता, खांद्यानं हवा. "चल! चल माज्या राजा!" राजा गोलात शिरला, पलीकडून बाहेर पडला आणि चहा उदयसिंहाच्या बुटांवर.

"ग्लासच वाकडा हाय," तो म्हणाला. दुसऱ्या ग्लासानंही तेच केलं.

शेवटी पूजा. दुसऱ्या वर्षाची, साताऱ्याच्या डोंगरातल्या मेढ्याची, बोलायला कमी. फळीच्या टोकाला यंत्र आणून तिनं बटणावरचं बोटच उचललं. बॅटरी गेली असंच सगळ्यांना वाटलं. यंत्र आपल्या वजनानं खाली उतरलं, तिनं एकदाच बटणाला बोट लावलं, आणि ते गोलात उभं. चहा नुसता हलला.

"कुटं शिकलीस गं ह्ये?"

"आमच्याकडं घाटात समदे इंजिन बंद करूनच उतरत्यात, दादा. बाबांची लूना मी तशीच आनते. सोडायचं कवा, येवढंच बगायचं."

त्या संध्याकाळी उदयसिंह एस.टी.त गप्प बसला होता. कंडक्टरनंही विचारलं, "बरं हाय न्हवं?" त्याचं रान सगळं सपाट, तिथं जोर लावला की काम होतं. कधी सोडायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, लागलंच नव्हतं. आणि आता आईला काय सांगायचं? डबी आपल्याकडं ठेवली, तर कुणी एक शब्द बोलणार नव्हतं. हेच जास्त टोचत होतं.

सकाळी त्यानं डबी पूजाच्या हातात दिली. "चालीव तू. मी मागं वायर धरतो."

मग तिची तयारी, मैदानातल्या गोंगाटाची सवय व्हावी म्हणून. सिद्धू पत्रा बडवायचा, सौमित्र शिट्ट्या मारायचा, उदयसिंह लाउडस्पीकर व्हायचा. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग!" पूजा ढिम्म. पण मध्येच त्याच्या तोंडून "दाब गं! दाब!" निघालं, की यंत्र गोलाबाहेर. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं डबी खाली ठेवली. "दादा, गोंधळाचं काय वाटत न्हाई. तुमी मनापासनं 'दाब' म्हनता, तवाच माजं बोट दबतंय."

म्हणजे तयारी हवी होती ती त्याचीच. त्या दिवसापासून सरावाला तो दातांत उसाचं कांडं धरून उभा राहू लागला.

स्पर्धेला हरणाबाई आळीतल्या तीन बायका घेऊन पहिल्या रांगेत. पूजानं यंत्र उतारावर आणलं, बोट उचललं, आणि यंत्र मध्येच अडकलं. वायर फळीच्या कोपऱ्याखाली गुंतली होती. "दाब! दाब!" सगळं मैदान ओरडायला लागलं. पूजानं वळून उदयसिंहाकडं पाहिलं. आज त्याच्या तोंडात कांडं नव्हतं. घशाशी आलेलं त्यानं गिळलं, वाकून कोपऱ्यातनं वायर सोडवली, हातभर सैल केली आणि नुसती मान हलवली. यंत्र खाली आलं आणि गोलात उभं राहिलं.

तिसरा नंबर आला. बायका उठल्या, तरी हरणाबाई बसूनच.

"तू कवा चालवनार मग?"

"झालं की, आये. आमचंच हुतं त्ये."

"तू तर नुसता वायर धरून हुतास."

"व्हय."

हरणाबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "आनि येकदाबी वरडला न्हाईस," ती म्हणाली, आणि ताप आहे का ते बघायला तिनं त्याच्या कपाळाला हात लावला.