वाणातल्या चोवीस पिशव्या

सुई काढायची राहून गेली. चूक एवढीच – निदान पहिली तरी. या चुकीचा किस्सा मी ऑफिससमोरच्या टपरीवर पुष्कळदा रंगवून सांगितला आहे, पण अर्धा, आणि तोही खोटा. उरलेला अर्धा मागच्या आठवड्यापर्यंत, चार वर्षं, कोणाजवळ काढला नव्हता. आज तुमच्याजवळ काढतोय, कारण – जाऊ द्या. कारणं द्यायला लागलो की मी सारवासारव करू लागतो. तो माझा जुना धंदा आहे.

ऑक्टोबरचं ऊन होतं. पाण्याची बाटली खांद्याला अडकवायची निळ्या सुती दोऱ्याची क्रोशाची पिशवी घेऊन मी ऑफिसात गेलो, खुर्चीच्या पाठीला लटकवली, आणि पट्ट्याच्या टोकाला क्रोशाची सुई तशीच लोंबत राहिली. शेवटची गाठ मारलीच नव्हती. ती एक गाठ राहिली की झालं – सुई काढून दोरा ओढा, सगळं सरसर उसवत येतं. शेजारच्या टेबलावरच्या गजाननभाऊंनी नेमकं तेच केलं. "हे काय लटकून राह्यलं भाऊ?" म्हणत त्यांनी सुई उपसली, दोरा ओढला, हातभर पट्टा उसवला, बाटली पडली आणि घरंगळत साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेली. सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. मग गजाननभाऊ सुई डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "वहिनीनं केली वाटते."

मी हो म्हणालो.

माझ्या बायकोला, मंगलाला, क्रोशा येत नाही. सुई कोणत्या बाजूनं धरायची हेही तिला माहीत नाही. पिशवी मी केली होती.

हसा, हसा. एकावन्न वर्षांचा, मिशीवाला, गाडीवरून घसरून कंबर धरलेला माणूस दीड महिना पलंगावर पडून काय करत होता, तर क्रोशाचे टाके, साखळ्या आणि खांब, मोजत होता. सहा साखळ्यांचा गोल, त्यात बारा खांब, मग वाढवत वाढवत तळहाताएवढा तळ, तिथून वर जाळी. हे मला शिकवलं होतं माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, पुसदला, मी दहा-अकरा वर्षांचा असताना. ती तोरणं विणायची, मी शेजारी बसून रुमाल. एक दिवस बाबांनी पाहिलं आणि घरी आलेल्या पाहुण्यांना हसत सांगितलं की आमच्याकडे आता दोन पोरी आहेत. मी सुई ठेवून दिली ती चाळीस वर्षं. बाबांचं हे सांगितलं ते समजावं म्हणून. त्यांच्या खांद्यावर टाकायला नाही – त्या 'हो'च्या वेळी बाबा कुठे होते? मी होतो.

बरं, तेवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडत होतं? पण कौतुकाची चटक वाईट. ऑफिसात जो तो पिशवी हातात घेऊन पाही. वहिनीचा हात काय साफ आहे, म्हणत. साफ हात माझा होता. मला आतून गुदगुल्या होत, आणि वरून मी नवऱ्यासारखं तोंड करून बसे. मंगलाला कळलं तेव्हा ती रागावली. माझं नाव कायले सांगता, म्हणाली, मी काय तुमची सुई धरते? मी हसण्यावारी नेलं.

मग संक्रांत आली. तिच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या द्यायचं तिच्या मनात होतं. मीच डोक्यात भरवलं की वाट्या तर सगळेच देतात, आपण बाटलीच्या पिशव्या देऊ. दार लावून, रोज ऑफिसातून आल्यावर, मी चोवीस पिशव्या विणल्या. लाल, पिवळ्या, मोरपंखी. इतक्या सुखाचा दुसरा महिना मला आठवत नाही – हेही कबूलच करायचं आहे.

"अन् कोणी इचारलं तर?" तिनं आदल्या दिवशी विचारलं.

"सांग, 'मीच केल्या' म्हणून. कोण कायले सुई हातात देते तुह्या? अन् काही झालंच तर मी आहे नं."

मी आहे नं. हे शब्द माझे. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषानं घरात रेंगाळायचं नसतं. मी गच्चीवर जातो म्हणून सांगितलं, आणि गेलो नाही. स्वयंपाकघरात थांबलो. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा आहे – धुऊन धुऊन आटलेला, तो बदला म्हणून मंगला वर्षभर मागे लागली होती. त्या पडद्याआड मी उभा राहिलो. कशाला? माझ्या पिशव्यांचं कौतुक ऐकायला. दुसरं काही नाही.

आणि झालं कौतुक. बायका पिशव्या खांद्याला लावून पाहत होत्या, कोणाला लाल पाहिजे होती, कोणाला मोरपंखी. तुम्हीच केल्या काय, असं कोणीतरी विचारलं आणि मंगला, शिकवल्यासारखी, हो म्हणाली. शेजारच्या कुसुमताई महिला मंडळाचं सगळं पाहतात. त्यांनी बटव्यातून सुई आणि दोऱ्याचं रीळ काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. "सुरुवात तेवढी दाखवा मंगलाताई. तळ कसा धरता?"

खोली शांत झाली. किती वेळ? मला एक अख्खा तळ विणून झाला असता, असं वाटलं. मंगला काही बोलेना. बांगड्यांचाही आवाज नाही. मी पडद्यापासून एका पावलावर होतो. पडदा बाजूला सारायचा, आणि म्हणायचं, आणा इकडे ते, मी दाखवतो. झालं असतं काय? चोवीस बायका हसल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिस हसलं असतं. हसण्यानं कोणी मरतं का? मी रोज दुसऱ्यांना हसवूनच जगतो की.

मी हललो नाही.

"मले नाही येत," मंगला म्हणाली.

"मंग ह्या कोणं केल्या?"

यांनी केल्या, एवढे दोन शब्द तिला पुरले असते. ती सुटली असती. ती म्हणाली, "इकत आणल्या."

कोणी भांडलं नाही, कोणी उठून गेलं नाही. नुसतं हसू झालं, दबकं. कोपऱ्यातून एक आवाज आला, "इकतच्या वस्तूवर आपलं नाव काहून टाका बाप्पा." मंगलानं तिळगुळाचं ताट उचललं आणि फिरवलं. रात्री मी तिला म्हणालो, मी तर गच्चीवर होतो, मला काही ऐकू आलं नाही. ती बरं म्हणाली.

तुम्हाला वाटेल, एवढंच? पडद्याआड लपला एवढंच? नाही हो. इथपर्यंत मी स्वतःला चार वर्षं माफ करत आलो. घाबरला बिचारा, म्हणून. खरं पुढेच आहे, आणि तिथे मी घाबरलेलो नव्हतो.

गजाननभाऊंची बायको हळदीकुंकवाला आली होती. दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले. वहिनीनं तर सगळ्यांले चुना लावला, म्हणाले. आजूबाजूची दोन-तीन डोकी वर झाली. मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण भाऊ, मंग तुमच्या पिशवीले ते सुई कशी लटकून होती?"

देवानं, म्हणा किंवा गजाननभाऊंनी, मला दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. आणि मी काय म्हणालो? नीट ऐका, मी हे एकदाच लिहिणार आहे.

"ते बी तिनंच लटकवली असन, दाखवायले. बायकांचं काय हो, कौतुक पाह्यजे असते त्यांले. मले तरी कुठं माहीत होतं."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं. पुढे हाच किस्सा टपरीवर मी चढवत नेला – बायकोनं विकतच्या पिशवीला सुई लटकवून नवऱ्याला कसं मिरवायला पाठवलं, त्याचा. चांगला रंगायचा. लोक पुन्हा सांगायला लावायचे.

मंगलाच्या हातचं आंब्याचं लोणचं, मुगवड्या, कुरड्या – आर्णीहून तिच्या आईकडून आलेला हात आहे तो. पूर्वी कोणाकडे कार्य असलं की तिला आधी बोलावणं येई. त्या संक्रांतीनंतर तिनं डबा उघडला की कोणीतरी गमतीनं विचारायचं, घरचं आहे की इकतचं? गमतच होती. पण प्रत्येक वेळी होती. ती हसून 'घरचं' म्हणायची, आणि तिच्या 'घरचं'वर कोणाचा विश्वास राहिला नव्हता. हळूहळू तिनं डबे नेणं बंद केलं. मी विचारलं नाही का म्हणून. मला माहीत होतं.

मागच्या आठवड्यात कुसुमताईंच्या नातीचं बारसं होतं. मंगलानं लोणच्याची बरणी काढली, झाकणावरचं फडकं सोडलं, थोडा वेळ पाहिलं, आणि परत बांधलं. मला म्हणाली, येताना दुकानातून सोनपापडीचा डबा घेऊन या, इकतचंच बरं, कोणी काही इचारत नाही.

मी डबा आणला. बारसं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिथे मी तिला सगळं सांगितलं – पडदा, ऑफिस, ते वाक्य जसंच्या तसं, टपरीवरचा किस्सासुद्धा. सांगताना मला वाटत होतं की मी तिला काहीतरी नवीन सांगतोय. ती सोलत राहिली. टोपल्यातल्या शेंगा संपल्या, टरफलं तिनं एका बाजूला लोटली, आणि मग बोलली.

"ऑफिसातलं मले माहीत नव्हतं. पण गच्चीवर नव्हते तुम्ही. पडद्याखालून तुमचे पाय दिसून राह्यले होते मले. म्हणून तर मी इतका वेळ चूप बसली. मले वाटलं, येतात आता."