जांभळीची डहाळी

नागभीडकडच्या आमच्या गावात लग्नाच्या मांडवावर जांभळीची पहिली डहाळी घरच्या जावयाने जंगलातून आणायची असते. आमच्याकडे ती माझ्या बहिणीचा नवरा आणायचा. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना त्याला वाघाने मारलं. म्हणून यंदा माझ्या मुलीच्या लग्नाला मी नुसता कापडी मांडव सांगितला.

लग्नाच्या सकाळी बहीण डोक्यावर डहाळी घेऊन जंगलाकडून एकटीच आली. म्हणाली, "आणणारा नाई म्हणून मांडव सुकाच ठेवशीन का, भाऊ?"

विधवेचा हात मांडवाला लागू नये, असं बायका कुजबुजल्या. मी तिलाच डहाळी बांधायला लावली आणि मोठ्याने म्हटलं, "ज्यायले चालत नसन, त्यायनं मांगच्या दारानं यावं."

मागच्या दाराने एकच बाई आली. आमची आई.