बाजार चढला त्या दिवशी

मुंबई-रत्नागिरी बोटी बंद झाल्या, पण कोळशाच्या धुराचा वास आला की डेकवर माझ्याशेजारी वळकटी पसरून बसलेले ते गृहस्थ आठवतात. नाव विचारायचं राहूनच गेलं. वर्तमानपत्राची घडी घालून ते वारा घेत होते. घडीवर बातमी होती, शेअर बाजार चढला.

"म्हणजे सगळेच चढले?" मी विचारलं.

"छे हो. मोजक्या बड्या कंपन्यांचे भाव बघून अख्ख्या बाजाराचं सांगतात. त्यातही जी मोठी, तिचं वजन जास्त." त्यांनी मालाच्या पेट्यांकडे बोट दाखवलं. "हा माल सरकला तर बोट कलेल. आपण दोघं सरकलो तर तिला पत्ताही लागायचा नाही."

"तुम्ही बाजारात असता?"

"गिरणीत होतो. छोटी गिरणी, त्या मोजक्यांत नव्हती. परवा बंद पडली." घडी उलगडून त्यांनी पुन्हा घातली. "त्या दिवशीही बाजार चढलाच होता."

जयगडला ते किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या पडावात उतरले. लाटांवर पडाव इतका हिंदकळला की त्यांनी ट्रंक दोन्ही हातांनी कवटाळली.

वर डेकवर माझ्या पेल्यातला चहा हललासुद्धा नाही.