आधी समोरच्याची बाजू

सात मार्चला नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या मसुद्यात एक ओळ आली : संध्याकाळचे पाळणाघर बंद केल्याने वार्षिक बचत, दोन लाख सोळा हजार रुपये. सायंकाळच्या कॉलेजात कुटुंब धोरण शिकवणाऱ्या मॅडमनी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि वर्गात एकच गलका झाला.

"मॅडम, मोर्चा काढू या!"

"काढा की. पण आधी मला पटवा, पाळणाघर बंदच व्हायला हवं म्हणून."

वर्गाने कपाळाला हात लावला. मॅडमचं हे नेहमीचंच. पोरांनी त्यांचं नाव 'उलट मॅडम' पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्याने मान डोलवली पाहिजे, मगच आपली सुरू करायची, हा त्यांचा नियम. घरीही तोच. त्यांचे यजमान वायरमन. ते येईल त्याला सांगत, "भांडायला बसलो की ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा झकास मांडते. मग मी भांडू कशाला? गुपचूप भांडी घासायला लागतो."

या वेळी मॅडमनी मागच्या बाकावर बोट दाखवलं. तिथे 'आईसाहेब' बसायची. वर्गातली ती एकटीच लेकुरवाळी, म्हणून हे नाव. दिवसा औषधांच्या दुकानात काम, संध्याकाळी कॉलेज, आणि तेवढा वेळ दोन वर्षांची लेक पाळणाघरात. पाळणाघर बंद म्हणजे तिचं कॉलेज बंद.

"मी? माझ्याच मुळावर उठलेल्यांची बाजू मी घेऊ?"

"तूच. अंदाजपत्रकावरच्या जाहीर सुनावणीत तूच बोलणार आहेस ना? मग त्यांच्या खुर्चीत जरा बसून बघ."

आईसाहेब फणकारली, पण बसली. पंधरा दिवस वर्गाने तिला नगरपालिकेची खजिनदार समजून उलटसुलट प्रश्न विचारले. संध्याकाळी मुलं कमी, सांभाळणाऱ्या मावशींचा पगार मात्र पूर्ण, हे ती बिनतोड सांगू लागली. सांगता सांगता एकदा तीच थबकली.

"मॅडम, ही मुलं मोजली कधी?"

"आता कसं!" मॅडमनी खडू टेबलावर आपटला.

शोध घेतला तर मोजणी कॉलेजच्या सुट्टीतली निघाली. सुट्टीत कॉलेजातल्या आया घरी, पोरं त्यांच्यापाशी, पाळणाघरात कुठून दिसणार?

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. आईसाहेब उभी राहिली, माईक बघून तिची गाळण उडाली, आणि जिभेवर जे मुरलं होतं तेच बाहेर पडलं. तिने नगरपालिकेची बाजू मांडायला घेतली. अशी मांडली की खजिनदारांनी पेन खाली ठेवून मान डोलवली. मागे बसलेल्या मॅडम पर्सचा पट्टा पिळत पुटपुटत होत्या, "अगं, पुरे! आता आपलं बोल!"

"पण..." आईसाहेब म्हणाली, आणि घंटा वाजली.

"आभारी आहे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे तुमचा पाठिंबाच आहे तर!"

सभागृहात खसखस पिकली. मॅडमनी कपाळाला हात लावला. आपल्याच नियमाने पोरीचा घात केला, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात खजिनदारांनी हात वर केला. "माझं म्हणणं मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं. पण त्या 'पण' म्हणाल्या. तो 'पण' मला ऐकायचाय."

सदस्याच्या प्रश्नाला उत्तर देताना घड्याळ थांबवतात, आणि खजिनदारही सदस्यच. आईसाहेबने दम घेतला. "पण साहेब, तुम्ही मुलं मोजलीत तेव्हा कॉलेजला सुट्टी होती. आम्ही घरी, मुलंही घरी."

खजिनदारांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने डोकं खाजवलं. कॉलेज चालू असताना पुन्हा मोजणी करावी आणि तोवर पाळणाघर चालू ठेवावं, असं ठरलं.

"मॅडम, तुमच्यापायी मेलेच होते," बाहेर येताच आईसाहेब म्हणाली.

"आणि वाचलीस कुणामुळे?"

"खजिनदारांमुळे!"

"मग पुढच्या सत्रात त्यांच्याच वर्गात बस."

पुढच्या सत्रात मॅडमनी नियमाला शेपूट जोडलं : समोरच्याची बाजू वर्गात हवी तितकी घोळा, सभेत एका वाक्यात उरका.

सुनावणीच्या त्या संध्याकाळी मात्र दोघी पाळणाघरात पोचल्या तेव्हा मावशी पेंगुळलेल्या लेकीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. उशिराचा दंड साठ रुपये. आईसाहेबकडे बसपुरतेच पैसे होते, म्हणून मॅडमनी भरले. ते साठ रुपये अजून यायचे आहेत.