टेलिफोनच्या मावशींची मोटरसायकल

चष्मेवाल्यांना दुकान सोडून गिऱ्हाइकाच्या घरी जायची सवय नव्हती. पण टेलिफोनच्या मावशींचा निरोप आला, की चष्म्याची दांडी निखळलीय आणि पायांनी संप पुकारलाय, तेव्हा तुम्हीच या. नाही म्हणणं जिवावर आलं. खरं तर त्यांच्याही पायांचं काही धड नव्हतं. दुकानातल्या शिडीवरून पडल्यापासून उजवा खुबा कृत्रिम बसवलेला, हातात काठी आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, की पायाला हिसका बसेल असं काही करायचं नाही. बायकोनं त्यांना स्कूटरवर मागे बसवून मावशींच्या दारात सोडलं आणि ती शाळेत गेली. शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. मुलं तिला शिट्टीबाई म्हणत, आणि हळूहळू सगळा मोहल्लाही तेच म्हणायला लागला होता.

मावशी तळमजल्यावर एकट्याच राहत. सगळी नोकरी टेलिफोन कचेरीत लोकांचे कॉल जोडून देण्यात गेलेली. पुढच्या खोलीतला दिवा मिणमिणता, म्हणून चष्मेवाले चष्मा घेऊन मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेले. तिथं त्यांच्या चिमट्यातून स्क्रू सटकला आणि घरंगळत एका चादरीखाली गेला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी काठीच्या टोकानं चादर वर उचलली.

खाली मोटरसायकल होती. काळी, टाकीवर बारीक सोनेरी रेघ, आणि चाकाच्या आऱ्यांवर गंजाचा ठिपकाही नाही. ही गाडी त्यांनी ओळखली. लहानपणी मामाकडे अशीच होती. तिच्यावरच ते शिकले, पण मामानं त्यांना कधी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी मीटरवरची काच रुमालानं पुसली. किलोमीटरच्या आकड्यातली पुढची दोन्ही घरं अजून शून्यावर होती, गाडी फारशी फिरलीच नव्हती.

"सापडला का स्क्रू?" मावशींनी बाहेरून विचारलं.

"स्क्रू राहू द्या," चष्मेवाले म्हणाले. "ही कुणाची?"

"धाकट्या भावाची. बोटीवर होता कामाला."

मग मावशींनी सांगितलं. भाऊ वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, तेवढ्यात जी काय फिरायची ती फिरायची. पुन्हा बोटीवर जाताना बहिणीला बजावून जायचा. दर महिन्याला प्लग काढून आत चमचाभर तेल सोड, किक हातानं हळूहळू दाब, चाकं जमिनीला टेकू देऊ नकोस. मावशी ते इमानेइतबारे करत. मग एका वर्षी भाऊ आलाच नाही, त्याच्या आजारपणाची आणि पाठोपाठ तो गेल्याची बातमी आली.

"आणि तुम्ही तेल घालत राहिलात?"

"मला कुणी थांब म्हणालं नाही," मावशी म्हणाल्या. "गुडघे गेले तेव्हा थांबले. गेल्या वर्षी."

गाडी बघायला माणसं येऊन गेली होती. एकाला ती हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. दुसऱ्याला टाकी उतरवून वेगळी बसवायची होती, मडगार्ड कापायचे होते. मावशींनी दोघांनाही पाणी देऊन वाटेला लावलं होतं.

"तुम्ही घेतलीत तर काय कराल?" त्यांनी विचारलं.

"चालवीन."

चष्मेवाले पुढच्या खोलीत आले होते. मावशींनी त्यांच्या हातातला एका दांडीचा चष्मा घेऊन नाकावर धरला आणि त्यांच्या काठीकडे बघितलं. "कशी?"

"ते अजून मलाही माहीत नाही."

मावशी हसल्या. "खोटं तरी बोलला नाहीत. न्या."

दांडीला दुसरा स्क्रू बसला, आणि व्यवहाराचं बोलणं चहा निवायच्या आत आटपलं.

घरी शिट्टीबाईंनी ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "एक जुनं मॉडेल आहे की घरात. त्याचेच पार्ट मिळत नाहीत."

"अगं, तू बघशील तर—"

"बघेन. पण किक कोण मारणार? तुमचा पाय की डॉक्टरांचा?"

चष्मेवाले काठीची मूठ चाळवत राहिले. त्यांना हेही बोलता येईना, की शिडीवरून पडल्यापासून आपण सगळीकडे कुणाच्या तरी मागे बसून जातो आणि ते मनाला लागतं. शिट्टीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, सुरी खाली ठेवली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.

गाडी उतरली ती दुकानामागच्या मिस्त्रींच्या गॅरेजात. मिस्त्री आताशा कंटाळलेलेच असत, कारण हल्लीच्या गाड्या बटणाच्या आणि बिघाड सगळे तारांचे. त्यांनी पाहुण्याला न्याहाळावं तशी गाडी सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"ही कुणी फारशी वापरलेलीच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे चांगलंच ना?"

"अर्धं चांगलं. पडून राहिलेली गाडी बाहेरून तरुण राहते, आतून म्हातारी होते."

आणि तसंच निघालं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आटून डिंकासारखं घट्ट झालं होतं. तारांवरचं वेष्टण बोट लावताच भुगा होऊन पडे. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, ते शाबूत आणि रिकामं. मिस्त्रींनी ते न मोडता बाहेर काढलं आणि खिडकीत ठेवलं. टायरांची नक्षी कोरी दिसत होती, पण रबर हाडासारखं कडक. टाकीच्या आत गंज होता, म्हणून तिच्यात मूठभर छोटे नट टाकून ती खळखळवायची होती. हे काम शिट्टीबाईंनी मागून घेतलं. संध्याकाळी शाळेतून आल्या, की टाकी छातीशी धरून त्या गॅरेजच्या दारात कवायत करत, आणि येणारे-जाणारे थबकून बघत.

कार्बोरेटरच्या सुईवर झीज होती आणि तशी सुई कुठे मिळेना. चष्मेवाल्यांनी ती दुकानात नेली, भिंगाखाली धरली आणि काचा घासायच्या चाकावर हलक्या हातानं गुळगुळीत करत बसले. काम काचेसारखंच होतं, थोडं जास्त झालं की संपलं. पडल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांना जेवायचीही आठवण राहिली नाही.

मिस्त्रींना धास्ती होती ती इंजिनाची. प्लगच्या भोकातून त्यांनी बॅटरीचा उजेड आत सोडला, डोळा लावला. मग बाजूला सरकून म्हणाले, "तुम्हीच बघा."

आत सिलिंडरची भिंत आरशासारखी चकाकत होती.

"इथं गंज धरला असता तर सगळं मुसळ केरात होतं," मिस्त्री म्हणाले. "ज्यानं कुणी तेल घातलं, त्याचे पाय धरा."

"ज्यानं नाही, जिनं," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या त्या चमचा हातात घेऊन खाली बसलेल्या मावशी. ज्या गाडीवर त्या स्वतः कधी बसणार नव्हत्या, तिच्यासाठी महिन्यामागून महिने गुडघे टेकणाऱ्या.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं नाही. मिस्त्रींना ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे, बदलायचे होते. चष्मेवाले अडून बसले. लायनर जाडजूड होते, जराही झिजले नव्हते, कंपनीतून आले तसेच होते. टायर गेले, तारा गेल्या, मूळचं काहीतरी राहू दे की. मिस्त्री कुरकुरले, पण एका अटीवर तयार झाले. पहिली फेरी रस्त्यावर नाही, मोकळ्या मैदानात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी शाळेच्या मैदानावर नेली. मिस्त्रींनी किक कशी मारायची ते दाखवलं. आधी पायाखाली अडकेपर्यंत दाबायची, मग सगळं अंग टाकायचं. शिट्टीबाईंनी पदर खोचला. पहिल्या खेपेला गाडी शिंकली, दुसऱ्या खेपेला खोकली. तिसऱ्यांदा बाई हवेत उचलल्यासारख्या झाल्या आणि खाली आल्या तेव्हा इंजिन सुरू होतं. धक धक धक, घाई नसलेल्या माणसासारखं.

"बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज मुलांना हुकूम सोडायचा, पण डोळे भरलेले.

चष्मेवाले निघाले. पहिला गिअर, दुसरा, आणि मग मामानं कधी टाकू न दिलेला तिसरा. वारा कानात शिरला, काठी कुठे ठेवली तेही विसरले. मैदानाचं टोक आलं तसा त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. हाताला काहीच लागलं नाही. वयानं ठिसूळ झालेला लायनर आतल्या आत सुटून आला होता. मागचा ब्रेक चाचपडेपर्यंत भिंत समोर आली, शिट्टीबाईंची शिट्टी कर्कश वाजली, आणि त्यांनी हँडल वळवलं ते थेट लांब उडीच्या खड्ड्यात. वाळूत चाक रुतलं, गाडी डावीकडे सावकाश कलंडली आणि तिच्यासोबत तेही.

बाई धावत आल्या. मिस्त्री मागून धापा टाकत. चष्मेवाले वाळूत पडून आकाशाकडे बघत होते. चष्मा वाकडा झालेला, खुबा जागच्या जागी.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "मिस्त्री, लायनर बदलू या."

मिस्त्रींनी गाडी उभी केली आणि टाकीवरची वाळू बाहीनं पुसली. शिट्टीबाईंनी मात्र गाडीची चावी आपल्या पर्समध्ये टाकली आणि त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. चष्मेवाल्यांना वाटलं, आता गाडी गेली. पण पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी देताना त्या म्हणाल्या, "जुनं म्हणून काही ठेवायचं नाही त्या गाडीत. जुना तेवढा तिच्यावर बसणारा चालेल."

नवे लायनर बसले. आरटीओच्या तपासणीला नेली तेव्हा तिथल्या साहेबांनी ब्रेक दोनदा दाबायला लावले, दिवे बघितले आणि तिच्याकडे बघत थोडे जास्तच रेंगाळले. गाडी पास झाली.

त्याच संध्याकाळी दोघं नवरा-बायको ती घेऊन मावशींकडे गेले. मावशी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आधीच्यापेक्षा थकलेल्या दिसत होत्या.

"एक चक्कर मारता का?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "हळू नेईन."

"मी बसत नाही असल्या गाड्यांवर. तेव्हाही बसले नाही." मावशींनी कोपऱ्याकडे बघितलं. "एक कराल? ती ढकलत कोपऱ्यापर्यंत न्या. तिथं सुरू करा आणि इकडे या. जातानाचा आवाज मी पुष्कळ ऐकलाय."

दोघांनी गाडी ढकलत कोपऱ्यावर नेली. बाईंनी किक मारली. चष्मेवाले सावकाश, पहिल्या गिअरमध्येच, घराघरांवरून आवाज उमटवत दारापर्यंत आले. मावशींनी डोळे मिटले होते. गाडी समोर थांबली, इंजिन बंद झालं, तरी त्यांनी थोडा वेळ उघडले नाहीत.

"आला," त्या हळूच म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसून नेहमीच्या आवाजात विचारलं, "चहा घेणार ना दोघं?"

चष्मेवाल्यांना आभार मानायचे होते, शब्द जुळवूनही आणले होते. त्याऐवजी ते मावशींच्या पायाशी पायरीवर बसले, आणि बसता येत नव्हतं तरी बसले. मावशींनी त्यांच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

आता ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नाही, अशांच्या घरी चष्मेवाले स्वतः जातात. सकाळी दारातून निघताना किक मारायला शिट्टीबाई असतात. पुढची पंचाईत होती, पण तीही सुटली. चष्मा नाकावर बसवून झाला, की ते घरातल्यांना सरळ विचारतात, "जरा किक मारता का?" मग कुणाची सून साडी सावरत बाहेर येते, कुणाचा जावई फुशारकीनं येतो आणि घाम गाळतो, कुठं शेजारचा शिंपी टेप गळ्यात घेऊनच येतो. गल्लीतले तिघंचौघं सल्ला द्यायला जमतात. कुणीतरी अखेर सगळं अंग टाकतं आणि इंजिन धडधडायला लागतं. चष्मेवाले डाव्या हातानं टाकी थोपटतात, उजवा हात कपाळाला लावून त्या माणसाचे आभार मानतात, आणि पुढच्या घराकडे निघतात.