खाली आणलेला वाघदेव

मी मोजणी खात्यात लागले तेव्हा या कामावर बायका फारशा नव्हत्या. गावात पोचलं की लोक मलाच विचारायचे, "मोजणीवाले साहेब कधी येणार?" मी मोजणीची साखळी पसरली की प्रश्न मिटायचा. देवळ्याकडे कांद्याच्या वावरात काम सोपं असे. भाऊ भाऊ भांडत, पण बांध दिसत असे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला सुरगाण्याच्या पार उत्तरेकडच्या डोंगरात पाठवलं. तिथे हद्दीचा दगड शोधण्यातच दिवस जायचा.

त्या जंगलाची पहिली मोजणी इंग्रजांच्या काळातली. साखळी आणि नकाशा आखायचा तिवईवरचा फळा घेऊन माणसं आत शिरत, हिवतापाने काही मरत, उरलेली पुढे जात. हद्द वळेल तिथे खड्डा खणून तळाशी लाकडी कोळसा भरत आणि वर दगड रोवत. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दगड हलला तरी खणल्यावर मूळ जागा सापडते. प्रशिक्षणात हे आम्हाला घाईघाईत सांगून टाकलं होतं.

माझं काम एका विधवा बाईच्या भातखाचराचं होतं. हद्दीच्या दगडाच्या वर जंगल, खाली गाव, असा हिशेब. तिचं खाचर दगडाच्या वरच्या अंगाला येत होतं, म्हणजे जंगलात. वनखात्याच्या रोपवनासाठी चर खणायला मजूर त्याच आठवड्यात येणार होते. दुसरी जमीन तिच्याकडे नव्हती. खाचर गेलं असतं तर तिला कायमचं खाली द्राक्षबागांवर मजुरीला जावं लागलं असतं.

दगड पाड्याला लागूनच होता, शेंदराने माखलेला. गावाचा वाघदेव. दिवाळीतल्या वाघबारशीला सगळे तिथेच जमत. शेंदराखाली बोटांनी चाचपलं तर छिन्नीची खूण लागली. दगड आमचाच होता. पण खालच्या ओढ्यापासून त्याच्यापर्यंतचं अंतर नकाशाशी जुळेना. फारच कमी भरत होतं. मी पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

"मॅडम, डोंगर आकसला," माझा साखळीवाला म्हणाला. तो सिन्नरचा, तोंडाने फटकळ.

वनरक्षक कंटाळला होता. "दगड आहे, खूण आहे. लिहा आणि चला. वणीची गाडी चुकेल."

मी जमलेल्या पुरुषांना विचारलं, दगड कोणी हलवलाय का? बोलली ती विधवा बाईच.

"वर होता तो. वाघानं माणूस नेलं तवा म्हातारे बोलले, देव लांब हाय म्हून झालं. माझ्या सासऱ्यानंच खांद्यावर घालून खाली आणला."

"घ्या!" साखळीवाला म्हणाला. "आमची बदली करायची तर ऑर्डर लागते. देवाची नुसती उचलून केली."

कोणी हसलं नाही. देव जवळ आणायच्या नादात त्या घराने स्वतःचंच खाचर जंगलाला देऊन टाकलं होतं.

"मूळ जागा दाखवा," मी म्हटलं.

"तिथं कोन जात नाय," गावचा पाटील म्हणाला. "देव उठला तशी ती जागा त्याची झाली."

"त्याची म्हणजे कोणाची?"

बाई कुदळ घेऊन पुढे निघाली.

पाऊस नुकताच उघडला होता आणि वर दाट धुकं होतं. पुढे साखळीवाला, मागे मी, माझ्या बाजूला बाई. साखळीवाला दिसत नव्हता, नुसता कड्यांचा आवाज येत होता. साखळी ताणून दोन झटके दिले की पुढच्याने खुंटी ठोकली असं समजायचं, ही आमची रीत. दोन झटके आले. मी चालत गेले तर हा वाटेतच खाली बसून तळपायातला काटा काढत होता. साखळी त्याच्या बाजूने पुढे धुक्यात गेली होती.

"झटके दिलेस ना?"

"मी? मी तर साखळी सोडून बसलोय, मॅडम."

"बोलू नका," बाई हळूच म्हणाली.

साखळी झुडपात अडकून सुटली की असे झटके बसतात. मला ते माहीत आहे. मी तिच्या टोकापर्यंत गेले. टोक एका गोल, उघड्या जागेच्या काठावर पडलं होतं. भोवती गुडघाभर गवत, मध्ये काडी नाही. जनावर रोज एकाच ठिकाणी बसलं की माती जशी दबते, तशी दबलेली. सगळं रान भिजलं होतं. ती माती कोरडी होती, आणि हाताला कोमट लागली.

"खण," मी मागून आलेल्या साखळीवाल्याला म्हटलं. हातभर खाली कोळसा लागला.

वनरक्षकाला वर यावंच लागलं. कोळसा बघून त्याने मान्य केलं, पण दगड मूळ जागी रोवल्याशिवाय सही करायला तयार होईना. ते बरोबरच होतं. गाव मात्र आडवं आलं.

"देव वर धाडून तू एकली त्याच्याजवळ ऱ्हाशील काय?" पाटलाने तिला विचारलं.

"माझं खाचर तिथंच हाय," ती म्हणाली. "माझ्या घरानं आणला, मीच नेते."

बांबूला दगड बांधून तिने आणि साखळीवाल्याने तो वर नेला. गावातलं कोणी हात लावायला आलं नाही. दगड रोवला, सह्या झाल्या, खाचर तिचं राहिलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले, तेव्हा बघून आले. भात चांगलं आलं होतं. पण खाचराच्या मधून वरून खालपर्यंत पट्टा मोकळा सोडलेला. ज्या जमिनीसाठी एवढं केलं त्यातलीच चांगली जमीन.

"रोपं कमी पडली का, मावशी?"

"नाय. त्याची वाट हाय ती. येवढी वर्सं खाली दगडाकडं यायची सवय झाली ना त्याला."

पट्टा वरच्या दगडापासून पाड्याजवळ दगड काढलेल्या जुन्या खड्ड्याकडे जात होता. मध्ये टेकाड आहे, एका टोकावरून दुसरं दिसत नाही. अशी सरळ रेघ आखायला मला तीन झेंड्या आणि दोन माणसं लागली असती. ती कुठे बोटभरही वाकलेली नव्हती.

"दोर लावला होता का?"

"मी कशाला लावू, ताई? लावणीला आले तं येवढं तुडवलेलं होतं. तेवढं सोडून लावलं."